आठ पाठ, ब्रेकचं काय?

लर्निंग लायसन्स आलं की पक्क्या टेस्टआधी कायद्याने 30 दिवस थांबावं लागतं. आपल्याकडे हे दिवस कसे जातात? शेवटच्या दोन संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये विटा मांडून ‘आठ’ घोटायचा. पाय टेकला नाही की झालं! बाकी ‘एजंट बघून घेईल’.

मला हे पटत नाही. आठ यायलाच हवा. त्याने तोल कळतो, क्लच अर्धा धरून गाडी हळू चालवता येते. पण कुत्रं आडवं आलं तर? ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबलात तर गाडी घसरते आणि नुसत्या मागच्या ब्रेकवर ती वेळेत थांबत नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, जोर वाढवत दाबायची सवय लागायला हवी. रिकाम्या मैदानात, हेल्मेट घालून, रोज पंधरा मिनिटं. एवढं जमेल ना?

आणि हो, टेस्ट बिनगिअरच्या स्कूटरवर देऊन नंतर दादाची बुलेट काढणार असाल, तर ते लायसन्स तिथे चालत नाही.

नापास झालात तरी 7 दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. मग एजंटला पैसे कशाला मोजायचे?