टाकून दिलेले बी



सफरचंद हे थंड मुलुखाचे फळ. आमच्या वांकिडीच्या कापसाच्या रानात ते कोठून येणार, असे आम्हीही म्हणत असू. परंतु शेजारच्याच केरामेरी मंडळात, धनोरा गावी, केंद्रे बाळाजी या शेतकऱ्याने ते पिकवून दाखविले. हैदराबादच्या सी.सी.एम.बी. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांस साह्य केले आणि २०२० च्या जूनमध्ये बागेची पहिली फळे त्यांनी मुख्यमंत्र्यांच्या हाती ठेविली.

या जातीचे नाव एच.आर.एम.एन.-९९. तिचे मूळ हिमाचलातील पनियाला गावी. सफरचंदास एरवी दीर्घ कडाक्याची थंडी लागते. हरिमन शर्मा यांच्या परसात मात्र टाकून दिलेल्या बियांतून एक रोप उगवले, आणि उष्ण हवेतही ते फळास आले. त्यांनी त्याची काडी आलुबुखाराच्या झाडावर बांधून कलम वाढविले. २०२५ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

कापसाचा हिशेब एका हंगामात कळतो. फळझाड मात्र वर्षानुवर्षे थांबावयास लाविते. लेकरांचेही तसेच आहे. परीक्षेत मागे पडलेल्या मुलास "हा वाया गेला" असे आपण किती सहज म्हणतो! असा उतावळा निवाडा आमच्याही तोंडून झाला आहे. त्याची आम्हांस लाज वाटते. प्रभूच्या दाखल्यातील माळ्याने वांझ अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागून घेतले, आणि तेवढ्यावर न थांबता आळे खणून खत घालण्याचे कामही पत्करिले.

मायबापहो, आज रात्री जपमाळेनंतर त्या मुलास जवळ बसवा. रागावू नका; काय जड जाते, ते विचारा.