दोन तासांची दिल्ली

आमच्या वर्गात गुरुजींनी नकाशावर दिल्ली ते पुणे अंतर दाखवले. हवेतून सरळ मोजले तर ते सुमारे ११५० किलोमीटर आहे. विमानाला साधारण दोन तास लागतात. तेव्हा मुले म्हणाली, "म्हंजे दिल्ली काय लांब न्हाई!" मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगतो.

माझे चुलते, आमचे तात्या, दिल्लीला गलाईच्या कामावर आहेत. गलाई म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करणे. आमच्या खानापूर तालुक्यातली पुष्कळ माणसे या कामासाठी देशभर पांगली आहेत. तात्या एरवी गोवा एक्सप्रेसने येतात. ती झाशी, भोपाळ, भुसावळ, मनमाड करत पुण्याला येते. तिला एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागतो.

गेल्या वर्षी सकाळी सहाला आमची आज्जी वारली. तात्यांना लगेच फोन केला. तात्या पहिल्यांदाच विमानात बसले. मी वहीत हिशेब मांडला आहे.

तिकीट व तयारी : २ तास
विमानतळावर जाणे व थांबणे : ३ तास
विमान : २ तास
पुण्यात स्वारगेटला येणे : दीड तास
सातारा, कऱ्हाड करत विटा : साडेपाच तास
विटा ते आमचे गाव : २ तास

एकूण १६ तास झाले. त्यात विमानाचे फक्त २. बाकीचे १४ तास जमिनीवरच गेले.

आता शेवटची ओळ बघा. विटा ते आमचे गाव १२ किलोमीटर आहे. पण शेवटची गाडी साडेसहालाच जाते. तात्या आठला उतरले. घरी सगळे रडत होते, फोन कुणी उचलला नाही. तात्या निम्मी वाट चालत आले. मग दुधाचा टेम्पो मिळाला. म्हणजे ११५० किलोमीटरला २ तास आणि १२ किलोमीटरला पण २ तास!

आज्जीला पाचलाच नेले होते. पाहुणे जमले होते, आणखी थांबता येईना. तात्या दहाला आले आणि आज्जीच्या रिकाम्या खाटेपाशी बसले. काही बोलले नाहीत.

माझा मित्र म्हणतो, मग विमानाचा काय उपयोग? उपयोग आहे. आगगाडीने तात्या दुसऱ्या दिवशी रात्री आले असते. आपण इतिहासात वाचतो की १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले. त्यांना राजगडावर यायला कितीतरी दिवस लागले. आता तसे नाही, हे चांगलेच आहे.

पण विमान एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर जाते. माणसाला जायचे असते घरी. म्हणून माझे मत असे आहे की अंतर दारापासून दारापर्यंत मोजावे. नुसते विमान वेगाने जाऊन भागत नाही. रात्री साडेआठला आमच्या गावाला एक गाडी पाहिजे. ती असती तरी तात्यांना आज्जी दिसली नसती, हे मला कळते. पण अंधारात एकट्याला रडत चालावे लागले नसते.

हे वाचणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे. तुमची पण माणसे लांब आहेत. सगळ्यांनी मिळून अर्ज करा. अर्ज लिहायला आम्ही चौथीची मुले मदत करू. आमचे अक्षर चांगले आहे.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी