लाली घरातच राहणार



गेल्या सहा-सात महिन्यांत मला मिळालेले सल्ले सांगते. रात्री बाहेर बांधा. दिवस मावळला की पाणी बंद करा. शेतावरच्या गड्याला देऊन टाका. गाडीत घालून टोमॅटो मार्केटपाशी सोडून या, तिथे खायला मिळतं. आणि एकीने तर अगदी कानाशी येऊन सांगितलं, "इंजेक्शन देतात म्हणे, शांतपणे जातं."

हे सगळं आमच्या लालीबद्दल. सल्ले देणाऱ्या सगळ्या आपल्यातल्याच, पर्युषणात जीवदयेच्या यादीत पहिल्यांदा नाव घालणाऱ्या. एकीचं तर वर्षीतप झालेलं आहे. म्हणून आजचा लेख जरा तिखट होणार आहे. ज्यांना लागेल त्यांनी संवत्सरीपर्यंत थांबू नये, फोन करून भांडावं.

लाली गावठी कुत्री आहे, चौदा वर्षांची. धाकटा कॉलेजात असताना जॅकेटमध्ये घालून घेऊन आला होता. तो आता पुण्यात, लाली माझ्याकडे. नारायणगावच्या बाहेर आमचं घर, मागे उसाचा फड. बारा वर्षं तिने घरात थेंब सांडला नाही. कितीही पाऊस असो, दाराशी जाऊन उभी राहायची. आता मागचे पाय धरत नाहीत. झोपेत कपडा ओला होतो, उठून दारापर्यंत जाईतो वाटेत होऊन जातं, कधी कधी शीसुद्धा. झाल्यावर ती कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसते. ते बघवत नाही.

आता पहिला सल्ला घेऊ. "बाहेर बांधा." मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींना यात काही वाटणार नाही, पण आपल्या जुन्नर-आंबेगावात बाहेर म्हणजे काय, हे आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. मादी आता डोंगरात नाही, फडात पिल्लं घालते. ऊसतोड लागली की पिल्लं सापडल्याची बातमी ठरलेली. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून, धुऊन, त्यातले केस तपासून अभ्यास केला. (विष्ठा म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी वाचावं, त्यातूनही शिकता येतं.) त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाने सुमारे ३९ टक्के. शेळी, गाय, रानडुक्कर सगळे त्याच्या मागे.

तेव्हा जिचे पाय धरत नाहीत, जिला धड ऐकू येत नाही, अशा कुत्रीला रात्री अंगणात साखळीने बांधणं म्हणजे काय? तरुण कुत्रं निदान भुंकेल, पळेल. बांधलेलं म्हातारं कुत्रं म्हणजे ताट वाढून ठेवणं. सकाळी साखळी आणि पट्टा सापडतो, आणि आपण हळहळतो, "वाघ घेऊन गेला हो." वाघ घेऊन गेला नाही, आपण दिली. आणि ज्या अंगणात त्याला एकदा भक्ष्य मिळालं तिथे तो परत येतो. त्याच अंगणात आपली नातवंडं सायकल फिरवतात. वनखातंही हेच सांगतं की रात्री जनावरं बंदिस्त जागेत ठेवा. कोणाच्या घरात खरोखरच जागा नसेल तर छप्पर असलेली, चारी बाजूंनी जाळी मारलेली, आतून कडी लागणारी पडवी तरी करा. उघडं अंगण नाही.

"आम्ही थोडंच मारतोय?" असं म्हणणाऱ्यांसाठी: रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात आपण पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार म्हणतो ना? तोंडपाठ आहेत म्हणून भराभर म्हणतो. एकदा सावकाश म्हणून बघा. बंध, म्हणजे बांधून ठेवणं. वध, म्हणजे मारणं, झोडणं. छविच्छेद, अवयव कापणं. अतिभार, झेपणार नाही एवढं ओझं लादणं. आणि पाचवा, अन्नपाणी तोडणं. हे अतिचार पाळलेल्या मुक्या जनावरांना समोर ठेवूनच सांगितले आहेत असं वाटावं इतके नेमके आहेत. साखळी हा पहिला. शू झाली म्हणून वर्तमानपत्राची गुंडाळी घालणं हा दुसरा. संध्याकाळनंतर पाण्याचं भांडं उचलणं हा पाचवा. आणि गड्याच्या हातून सोडवून आणलं तर आपण सुटलो असंही नाही. करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्ही एकाच ओळीत बसतात, हे पाठशाळेतल्या मुलालाही येतं.

पाण्यावरून माझा एकीशी मोठा वाद झाला. ती म्हणाली, "आपण नाही का चौविहार करत? तिलाही सवय होईल." मला हसावं की रडावं कळेना. अगं, पच्चक्खाण आपण आपल्या मनाने घेतो, हात जोडून घेतो. दुसऱ्याच्या तोंडचं पाणी काढून घेऊन त्याला तप म्हणायचं असेल तर मग दुष्काळातली सगळी गुरं तपस्वीच झाली. शिवाय म्हातारं कुत्रं पाणी जास्त पितं ते हौसेने नाही. मूत्रपिंड कमजोर झालं किंवा साखर वाढली की शरीरातलं पाणी लघवीवाटे जातं, म्हणून तहान लागते. तिथे पाणी तोडलं तर लघवी थांबत नाही, कुत्रं आतून सुकतं.

म्हणून डॉक्टर आधी आणि सल्ले नंतर. घरात शू करणं हा म्हातारपणाचा वाईट स्वभाव नसतो, बहुतेक वेळा दुखणं असतं. मी बी. कॉम., हिशेबाशिवाय मला चैन पडत नाही, तेव्हा एक वही केली. किती वाजता झालं, कुठे झालं, झोपेत की जागेपणी, दिवसभरात पाणी किती प्यायली. दहा दिवसांची वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. सकाळची पहिली लघवी जुन्या स्टीलच्या पळीत धरून बाटलीत भरून नेली. (ती पळी आता तिचीच.) डॉक्टर वही बघून म्हणाले, माझं अर्धं काम तुम्ही केलंत.

तुम्हालाही उपयोग होईल म्हणून लिहिते. झोपेत गळत असेल आणि कुत्रीचं ऑपरेशन झालेलं असेल तर बऱ्याचदा मूत्रमार्गाची पकड सैल झालेली असते. त्यावर गोळ्या आहेत आणि पुष्कळ जणींना गुण येतो. थेंब थेंब, वारंवार, कुंथून होत असेल किंवा लाल दिसत असेल तर जंतुसंसर्ग किंवा खडा, तिथे उशीर करू नका. भांडंच्या भांडं पाणी पीत असेल तर मूत्रपिंड, मधुमेह तपासायला हवं. दाराकडे निघते पण पोचत नाही, तर सांधे. आणि कधी कधी विसर पडतो, आपल्या म्हाताऱ्या माणसांसारखा: दिवसा झोप, रात्री येरझाऱ्या, दाराच्या कडीकडे उभं राहायचं सोडून बिजागरीकडे उभं राहणं. आमच्या लालीचे सांधे गेलेत आणि पकड सैल आहे. गोळ्यांनी पुष्कळ कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. सांध्यांसाठी आपली माणसांची पॅरासिटामॉल, आयब्रुफेन देऊ नका, कुत्र्याला ती विष ठरू शकते. ज्यांच्या डब्यात सदा गोळ्या असतात अशा आपण सगळ्या, म्हणून मुद्दाम सांगते.

आता घाणीकडे येते, कारण खरं भांडण तिथेच आहे. "देवघर आहे, स्वयंपाकघर आहे, कसं चालतं तुम्हाला?" मला घाण चालत नाही. सोवळं माझं तुमच्याइतकंच कडक आहे, देरासरात जायचं तर अंघोळ करून धुतलेलं नेसूनच जाते. स्वयंपाकघराला आणि देवघराला गुडघाभर उंचीची फळी लावली, लाली ओलांडत नाही. तिच्या वाटेवर गोणपाट अंथरलंय, कारण या गुळगुळीत टाइल्सवर तिचे पाय घसरतात आणि घसरण्याच्या भीतीने ती उठतच नाही. (जुनी शहाबादी फरशी काढून हे टाइल्स बसवायची हौस घरातल्या पुरुषांची.) खाली प्लॅस्टिक, वर जुन्या साड्यांची गोधडी. दिवसा दर तीन तासांनी अंगणात नेते. रात्री मात्र नाही, म्हातारी कुत्री घेऊन अंधारात अंगणात उभं राहण्याइतकी मी शूर नाही. रात्रीसाठी मागची मोरी. तिथे गोणपाट टाकून, दिवा चालू ठेवून पंधरा दिवस तिला नेऊन उभं केलं, आता स्वतः जाते. चार रात्रींतून एखादी चुकते.

झालंच तर लगेच टिपायचं. ओल तशीच राहिली की जीवोत्पत्ती होते, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. आधी जुना पेपर दाबून ठेवायचा, मग ओला कपडा, मग कोरडा. वास राहिला तर खायचा सोडा भुरभुरवून काही तास ठेवायचा आणि झाडून घ्यायचा. काही जणी व्हिनेगर सांगतात, मी ते घरात आणत नाही. पुण्याच्या दुकानांत एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते चांगलं. ॲसिड आणि कडक फिनाईल नको, मुंग्या मरतात आणि कुत्रं तेच पाय चाटतं. अमोनियाच्या वासाचं तर काहीच नको, लघवीलाही तोच वास, कुत्र्याला वाटतं हीच आपली जागा. शी असेल तर उचलून परसात, आधी पुंजणीने मुंग्या बाजूला करून, कोरड्या मातीत. सगळं मिळून दिवसाचा अर्धा-पाऊण तास जातो. एक सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं असतं, माझं दुसरं समजा.

नंदीषेण मुनींची कथा चातुर्मासात ऐकताना सगळ्यांचे डोळे भरतात. आजारी साधूला खांद्यावर घेतलं, त्याने अंगावर घाण केली, तरी मन मळलं नाही. "तो साधू होता, हे कुत्रं आहे," असं मला ऐकवण्यात आलं. बरोबर आहे, मी लालीला साधूच्या जागी बसवत नाही. वैयावच्च हा शब्दही वापरत नाही. पण अनुकंपा तर सर्व जीवांसाठी आहे ना? अष्टमी-चतुर्दशीला आपण कोथिंबिरीची काडी तोडत नाही, एकेंद्रियाची एवढी जपणूक, आणि चौदा वर्षं आपलं दार राखलेल्या पंचेंद्रियाला एका कपड्याच्या धुण्यासाठी बाहेर काढायचं? याला मराठीत गरज सरो वैद्य मरो म्हणतात.

आपल्या समाजाला पांजरापोळीचा अभिमान आहे, मलाही आहे. मुंबईची पांजरापोळ कशी उभी राहिली ते आठवा. इंग्रज सरकारने रस्त्यावरची कुत्री मारायचा हुकूम काढला म्हणून १८३२ साली मुंबईत पारशी रस्त्यावर उतरले, त्यांच्यामागे आपले जैन आणि हिंदू व्यापारी. दुकानं बंद राहिली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि व्यापारी शेटांनी ती पांजरापोळ काढली. गाईंसाठी नाही, आधी कुत्र्यांसाठी, डुकरांसाठी. त्यांच्या पणत्या-खापरपणत्या आज मला मार्केटपाशी सोडून या म्हणतात. पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील असं सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. दंड पहिल्या वेळी १० ते ५० रुपये, तेव्हा कायद्याची भीती कोणाला घालत नाही.

आणि आपल्याच तालुक्यात माणिकडोहला बघा. वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस मिळून तिथे बिबट निवारा केंद्र चालवतात. जे बिबटे पुन्हा जंगलात सोडता येत नाहीत ते जन्मभर तिथे राहतात, म्हातारे होतात. त्यांचे पिंजरे रोज कोणीतरी धुतं. ज्याने गावची कुत्री खाल्ली त्याची विष्ठा उचलायला पगारी माणूस आहे, आणि कुत्र्याची उचलायला आपल्याला लाज वाटते.

एक तक्रार मात्र मला मान्य आहे, आणि ती मी स्वतःच करते. आमच्या माहेरी घोडेगावला काय किंवा इथे काय, जीवदयेवर बोलतात पुरुष आणि फरशी पुसतात बायका. साठीनंतर गुडघे टेकून पुसणं सोपं नाही. सल्ले देणाऱ्या कितीजणींना खरं म्हणजे कुत्र्याचा राग नाही, एकटीने वाकण्याचा आहे, आणि तो राग कुत्र्यावर निघतो. कामवालीवर ढकलणं हाही उपाय नव्हे. तिला भांडी-धुण्याचे पैसे देतो, हे त्यात धरलेलं नाही. सांगायचं तर वेगळे द्या आणि आधी विचारा. मी घरात सरळ वाटणी केली. पहाटेची मोरी यांच्याकडे. पहिले चार दिवस यांनी पाठदुखी सांगितली, पाचव्या दिवशी लांब दांड्याचा पोछा घेऊन आले. आणला ते बरं झालं, आता मीही तोच वापरते. धाकटा शनिवारी येतो, गोणपाटं आणि गोधड्या धुण्याचं काम त्याचं. कुत्री त्याने आणली होती. सूनबाई म्हणाली, "आई, मी धुते ना." मी म्हटलं, तू बस.

पुढच्या शनिवारी दोघं येणार आहेत. कोणाकडे साखरेची किंवा कांद्याची रिकामी गोणपाटं असतील तर पाठवा, आमची चार फाटलीत. प्लॅस्टिकची नकोत, त्यावरही ती घसरते.