अमळनेर सगळ्यांना आठवते, बल्लारपूर कुणालाच नाही

लग्नाच्या दावतीत चार शिकलेली माणसे एकत्र बसली की हल्ली शेअर बाजाराचा विषय निघतो. बाजार निघाला की अमळनेर निघते. जळगाव जिल्ह्यातल्या या गावात हाशम प्रेमजींनी 1945 मध्ये वनस्पती तुपाची कंपनी काढली, गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले, तीच पुढे विप्रो झाली आणि शेअर न विकणाऱ्यांची घरे कोट्यधीश झाली. गोष्ट खरी आहे. प्रेमजी आपल्यातले, म्हणून ती सांगताना छातीही जरा फुगते. तात्पर्य ठरलेले: "एक चांगली कंपनी घ्या आणि वीस वर्षे विसरून जा."

माझा आक्षेप या तात्पर्याला आहे.

त्याच 1945 साली आजच्या महाराष्ट्रातच आणखी एक कंपनी सुरू झाली. चंद्रपूर जिल्ह्यातली बल्लारपूरची कागद गिरणी. देशातल्या सर्वांत मोठ्या कागद कंपन्यांपैकी एक. 1986 मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा निवडलेल्या तीस कंपन्यांत ती होती. 1970 साली कुणी विचारले असते की तूप-साबणाची कंपनी घेऊ की कागदाची, तर शहाण्या माणसाने कागद सांगितला असता. शाळा वाढणार, कचेऱ्या वाढणार, कागद लागणारच. 2020 मध्ये ही कंपनी कर्जाखाली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिचा शेअर विसरून गेलेल्या माणसाला आठवण आली तेव्हा हातात रद्दी होती. त्यानेही सब्र केला होता. त्याची गोष्ट दावतीत कुणी सांगत नाही.

बरे, विप्रोवाल्यांचा प्रवास तरी सोपा होता का? फेब्रुवारी 2000 मध्ये शेअरने नऊ हजारांचा पल्ला ओलांडला आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत तो ऐंशी टक्क्यांहून जास्त पडला. ऐंशी टक्के पडलेला शेअर मूळ जागी यायला पाचपट व्हावा लागतो. त्या शिखरावर ज्याने घेतला, त्याला मधले सगळे बोनस धरूनही तो भाव पुन्हा दिसायला वीस वर्षांच्या आसपास वाट पाहावी लागली. कंपनी तीच, मालक तोच, सचोटी तीच. फक्त घेण्याची वेळ वेगळी.

माझ्या मामूंची गोष्ट यापेक्षा लहान आहे. आयुष्यभर नोकरी केली, निवृत्तीला फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आली. बँकेत ठेव ठेवायची नाही, व्याज नको. हा त्यांचा निर्णय आणि त्याचा मला आदर आहे. नात्यातला एक हुशार मुलगा हलाल कंपन्यांची यादी घेऊन आला. "मामू, ही एकच घ्या. दारू नाही, व्याज नाही, कर्ज नाही." मामूंनी हजची रक्कमसुद्धा त्यात घातली. भाव पडत गेला तसा प्रत्येक वेळी एकच जवाब आला: "मामू, सब्र करा, लाँग टर्म आहे." सहा वर्षांनी रकमेचा आठवा हिस्सा उरला. मामू आता पंचाहत्तरीला आले. हज राहिलाच. ते कुणाला दोष देत नाहीत, "व्याज तर खाल्लं नाही" एवढेच म्हणतात. मी मात्र दोष देतो.

कारण हलाल आणि सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे सर्रास त्यांची गल्लत केली जाते. शरीयतची चाळणी काय पाहते? धंदा कोणता, कर्ज साधारण एक तृतीयांशाच्या आत आहे का, नाजायज उत्पन्न पाच टक्क्यांच्या आत आहे का. कंपनी दहा वर्षांनी टिकेल का, हे ती पाहतच नाही. शिवाय ती चालते ताळेबंदावर. सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी होती, कागदावर अडवण्यासारखे फारसे काही नव्हते, 2008 मध्ये तिला चांगल्या कारभाराचा पुरस्कारही मिळाला होता. 7 जानेवारी 2009 रोजी रामलिंग राजूंनी कबूल केले की दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड अस्तित्वातच नाही. एका दिवसात शेअरची तीन चतुर्थांश किंमत गेली. ताळेबंदच खोटा असेल तर चाळणी काय चाळणार?

आणि हे अपवाद नाहीत. हेन्ड्रिक बेसेम्बाइंडर या अभ्यासकाने अमेरिकेतल्या 1926 ते 2016 या काळातल्या सुमारे 26 हजार शेअरांचा हिशेब मांडला. निम्म्याहून जास्त शेअर सरकारी ट्रेझरी बिलांइतकेही देऊ शकले नाहीत. बाजाराने सरकारी बिलांच्या वर जी संपत्ती निर्माण केली, ती सगळी जेमतेम चार टक्के कंपन्यांची. म्हणजे "बाजार दीर्घकाळात वाढतो" हे खरे आणि "तुमचा शेअर दीर्घकाळात वाढतो" हे बहुधा खोटे.

यावर काही बुजुर्ग म्हणतील, म्हणूनच आम्ही सांगत होतो, हा जुगार आहे. त्यांचेही मला पटत नाही. शेअर म्हणजे धंद्यातली भागीदारी, नफ्यात हिस्सा आणि नुकसानीतही. व्याजापेक्षा ही आपल्या दीनला जवळची गोष्ट आहे. बाजारापासून दूर राहून आपण काय मिळवले? पैसा घरात, सोन्यात किंवा "हलाल नफा" देणाऱ्या भामट्यांच्या योजनांत गेला.

मार्ग मधला आहे आणि तो कंटाळवाणा आहे. पन्नास कंपन्यांत वाटलेला पैसा एका कंपनीबरोबर बुडत नाही. शरीयतच्या कसोटीवर निवडलेले निर्देशांक आणि फंड आपल्या देशात आहेत. तेही पडतात, म्हणून हज, लग्न, दवाखाना यांची रक्कम तिथेही नको. एखादी कंपनी मनापासून आवडली तर घ्या, पण बुडाली तरी चूल पेटेल एवढीच.

आणि सब्र हा शब्द कृपा करून भाव पडल्यावर वापरू नका. उंट बांधून मग तवक्कुल करायला शिकवणारा आपला दीन आहे. मामूंचा उंट कुणी बांधलाच नव्हता. पुढच्या दावतीत कुणी अमळनेर काढले, तर तुम्ही बल्लारपूर काढा.