विश्लेषण : सोलापूरच्या उन्हाळ्यात एलईडी टॉर्चचा उजेड काही मिनिटांत का उतरतो?

सोलापूर जिल्ह्यात शेतीपंपांना वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी आलटूनपालटून मिळत आली आहे. दिवसा वीज देण्यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २.० आणली. मात्र ही सोय जिथे पोहोचलेली नाही, तिथे मोटर सुरू करायला आणि दारं धरायला रात्रीच जावे लागते. बांधावर नाग, घोणस, मण्यार यांची भीती असते. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले होते. अशा वेळी हातातली ‘बॅटरी’ मंद झाली, तर प्रश्न जिवाचा होतो.

उजेड कमी का होतो?

जुन्या बल्बच्या टॉर्चमध्ये बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबरच किरणांच्या रूपाने पुढे निघून जायची. एलईडीचे तसे नसते. तिला मिळालेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेची उष्णता होते आणि ती चिपच्या मागच्या बाजूला साठते. तिथून ती अॅल्युमिनियमच्या पट्टीतून टॉर्चच्या अंगात आणि मग हवेत जावी लागते. चिप तापली की तेवढ्याच विजेत प्रकाश कमी पडतो. शिवाय चांगल्या टॉर्चमधले सर्किट अंग फार तापताच वीजपुरवठा आपोआप कमी करते. हा बिघाड नसून संरक्षण आहे.

सोलापुरात हे जास्त का जाणवते?

टॉर्चचे अंग आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितकी उष्णता लवकर बाहेर पडते. समजा, सर्किट अंगाचे तापमान ५५ अंशांवर रोखते. डिसेंबरच्या रात्री हवा १५ अंश असेल तर फरक ४० अंशांचा होतो. मे महिन्यात अंधार पडल्यावरही पारा ३५ अंशांजवळ असेल, तर फरक उरतो फक्त २० अंशांचा. म्हणजे तीच टॉर्च साधारण निम्मीच उष्णता बाहेर टाकू शकते, आणि सलग टिकणारा उजेडही जवळपास निम्म्यावर येतो.

खोक्यावरचा आकडा खरा मानावा का?

एएनएसआय एफएल-१ या मानकानुसार टॉर्चचा उजेड सुरू केल्यापासून ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान मोजतात. ‘किती तास चालते’ हा आकडा मात्र उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. दोन्ही आकडे खरे असले, तरी पूर्ण उजेड तितके तास मिळेल असा त्याचा अर्थ नाही.

ऑनलाइन स्वस्त टॉर्चवरचा ‘५०,००० ल्युमेन’ हा दावा तर साध्या हिशोबातही टिकत नाही. एका वॅटमागे १५० ल्युमेन धरले, तरी त्यासाठी ३३० वॅटहून जास्त वीज लागेल. अशा टॉर्चमधल्या एका लिथियम सेलमध्ये साधारण १२ वॅट-तास वीज मावते. कागदावरच्या हिशोबाने ती दोन-सव्वादोन मिनिटांत संपेल. प्रत्यक्षात एवढा विद्युतप्रवाह असा एक सेल देऊच शकत नाही.

जास्त ल्युमेन म्हणजे लांब उजेड का?

नाही. ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाश, तर झोत किती लांब जाईल हे तो किती एकवटला आहे यावर ठरते. झोत दुप्पट लांब हवा असेल, तर त्याची तीव्रता चौपट लागते. पायाखाली पाहायला मात्र मध्यम, पसरट उजेड पुरतो.

काय लक्षात ठेवावे?

प्लास्टिकपेक्षा धातूच्या, खाचा असलेल्या अंगाची टॉर्च घ्यावी, कारण अॅल्युमिनियम प्लास्टिकच्या सुमारे हजारपट वेगाने उष्णता वाहून नेते. चालताना मधला मोड ठेवावा. सर्वांत प्रखर मोड गरजेपुरता वापरावा. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये टॉर्च चार्जिंगला लावणे टाळावे. खरेदी करताना सर्वाधिक ल्युमेन किती, यापेक्षा अर्ध्या तासानंतर किती उजेड उरतो हे विचारावे. बांधावर कामी येतो तो तोच उजेड.