भिंतीवर काय काढावे?

घर सजवावयाचे म्हणजे बाजारातून वस्तू आणावयाच्या, अशी पुष्कळांची समजूत असते. मला ती पटत नाही. पालघर जिल्ह्यातील वारली लोकांची कुडाची घरे पाहा. भिंतीला शेणमातीचा लेप, त्यावर गेरूचा हात. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी हाच कुंचला! एवढ्याच साहित्यातून लग्नघरी पालघट देवीचा चौक उमटतो. पूर्वी हे काम सुवासिनींचे असे. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदाकापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता शहरांत तारप्याचा नाच छापलेले पडदे विकत मिळतात. दिसतात ते बरे. पण ज्याने तारपा कधी ऐकलाच नाही, त्याच्या घरी तारपाच का असावा? वारली माणूस आपले शेत, आपले झाड, आपली कोंबडी काढतो. मुलांनो, तुमच्या दारी नळावरची रांग असेल, पिठाची गिरणी असेल, एस. टी.चा थांबा असेल. एखाद्या जुन्या पुठ्ठ्यावर गेरू फासा, तो वाळू द्या आणि तेच काढा. पीठ मात्र फार पातळ कालवू नका; ओघळते.