शपथ, गोळी आणि चिठ्ठी

सिगारेट सोडणे ही गोष्ट आपल्या समाजात अजूनही शपथेच्या खात्यात जमा होते. कुणी आईच्या गळ्याची शपथ घेतो, कुणी आषाढीला माळ घालतो, कुणी नव्या वर्षाच्या पहाटे उरलेले पाकीट गटारात फेकतो. शपथ टिकली तर तो माणूस निग्रही. मोडली तर दुबळ्या मनाचा. ह्या हिशेबात डॉक्टर कोठेच येत नाही. साधा ताप आला तरी आपण दवाखान्याची पायरी चढतो, पण सिगारेट सोडायची म्हटली की, "त्यात डॉक्टर काय करणार? मनावर घेतले पाहिजे," असे उत्तर ठरलेले असते.

ह्याच्या अगदी उलट टोकाला एक दुसरी समजूत आहे आणि ती आपल्या वसतिगृहांतून चांगलीच रुजली आहे. "अमुक एक गोळी आहे, दोन दिवसांत तलफ जाते," असे कुणीतरी सांगतो आणि गोळ्यांची पट्टी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हातोहात जाते. ती कुणाला लिहून दिली होती, किती दिवसांसाठी दिली होती, ह्याची चौकशी कुणी करीत नाही.

वरवर पाहता ह्या दोन समजुती परस्परविरोधी वाटतात. मला मात्र त्यांचे मूळ एकच दिसते. तंबाखूचे व्यसन हा रीतसर उपचार करण्याजोगा आजार आहे, हे दोघांनाही मान्य नाही. म्हणून माझे म्हणणे मी आधीच मांडून टाकते. ज्याला शपथेने सिगारेट सुटत नाही, त्याने औषध घेण्यात कमीपणा मानू नये. परंतु ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आपली सर्व माहिती त्यांना देऊन आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे.

आधी शपथेचा विचार करू. झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते. रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. हीच तलफ. ती पुरवली नाही तर चिडचीड होते, लक्ष लागत नाही, झोप उडते, भूक वाढते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतो आणि पुढे काही आठवड्यांत ओसरत जातो. म्हणजे शपथ घेणाऱ्या माणसावर सर्वांत जड ओझे अगदी पहिल्या दिवसांतच येऊन पडते. त्या ओझ्याखाली तो वाकला तर त्याच्या चारित्र्याला नावे ठेवणे हे मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला पटत नाही, आणि मुलगी म्हणून तर मुळीच पटत नाही.

येथे माझ्या वडिलांचा उल्लेख करणे भाग आहे. ते गाडी चालवण्याची नोकरी करतात. बावीस वर्षांत पहाटे चारची पाळी त्यांनी कधी चुकवली नाही, दारूच्या थेंबाला ते शिवले नाहीत. असा हा माणूस तीन वेळा सिगारेट सोडून तीन वेळा पुन्हा तिच्याकडे वळला. भावाच्या बारशाला घेतलेली शपथ बारा दिवस टिकली, आषाढीची महिनाभर, आणि आजोबा छातीच्या विकाराने गेले तेव्हा घेतलेली जेमतेम सुतक फिटेपर्यंत. "मन घट्ट नाही," असे नातेवाइकांनी ठरवून टाकले. ज्याचे सारे आयुष्य शिस्तीत गेले त्याचे मन तेवढे सिगारेटपुरतेच कच्चे कसे, हा प्रश्न कुणाला पडला नाही. वडिलांना मात्र तो शब्द फार लागला. त्यानंतर त्यांनी शपथ घेणेच बंद केले. शपथेच्या ह्या पद्धतीचे सर्वांत मोठे नुकसान मला हेच वाटते. तीनदा हरलेला माणूस चौथ्यांदा प्रयत्नच करीत नाही.

अखेर खोकल्यासाठी म्हणून गाठलेल्या एका डॉक्टरांनी त्यांना औषधाबद्दल सांगितले. ही औषधे कोणती, हे आपण समजून घेऊ.

पहिला प्रकार निकोटीनचाच आहे. धुराशिवाय, मोजून दिलेले निकोटीन च्युइंगमच्या किंवा त्वचेवर लावायच्या पट्टीच्या रूपाने घ्यायचे. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही म्हणून खलाशी तंबाखू तोंडात धरतात, ह्या निरीक्षणातून १९६७ च्या सुमारास स्वीडनमध्ये ओव्ह फर्नो ह्या संशोधकाला च्युइंगमची कल्पना सुचवण्यात आली. दुसरी गोळी बुप्रोपिऑनची. ती मूळची नैराश्यावरची. धूम्रपान सोडवण्यासाठी अमेरिकेत तिला १९९७ साली मान्यता मिळाली. तिसरी व्हॅरेनिक्लिनची, २००६ सालची. तिचा पूर्वज सायटिसीन हा लॅबर्नम झाडातील पदार्थ. बल्गेरियात त्याच्या गोळ्या १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. (हे झाड म्हणजे आपला बहावा नव्हे, आणि ते विषारी आहे; तेव्हा कुणी बिया चघळण्याचा उद्योग करू नये.) व्हॅरेनिक्लिनची गंमत अशी की, मेंदूतील ज्या कुलपात निकोटीनची किल्ली बसते, त्याच कुलपात ती स्वतः जाऊन बसते आणि अर्धवट फिरते. त्यामुळे तलफेचा जोर कमी होतो आणि वरून सिगारेट ओढली तरी पूर्वीची मजा येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ह्यांना आवश्यक औषधांच्या यादीत घातले. २०२४ साली तिने प्रौढांसाठी तंबाखू सोडवण्याची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत ही तिन्ही औषधे आणि सायटिसीन सुचवले आहे. तेव्हा ही काही जाहिरातीतली जडीबुटी नव्हे.

पण ती जादूची कांडीही नव्हे. २०१६ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात सोळा देशांतील आठ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांवरील एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांच्या उपचारानंतर चोविसाव्या आठवड्यापर्यंत सिगारेटपासून सलग दूर राहिलेले लोक असे होते : व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांत शंभरातले सुमारे २२, बुप्रोपिऑन घेणाऱ्यांत १६, निकोटीनची पट्टी लावणाऱ्यांत १६ आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ९. ह्या आकड्यांतून दोन्ही बाजूंच्या लोकांनी धडा घ्यावा. "मनावर घेतले पाहिजे," म्हणणाऱ्यांनी ९ आणि २२ मधले अंतर पाहावे. "दोन दिवसांत सुटते," म्हणणाऱ्यांनी उरलेल्या ७८ जणांकडे पाहावे.

ह्याच चाचणीने एका भीतीचाही निकाल लावला. व्हॅरेनिक्लिन व बुप्रोपिऑन घेणाऱ्या काहींच्या मनःस्थितीत गंभीर बिघाड झाल्याच्या तक्रारी आल्यामुळे २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन्ही औषधांवर कडक इशारा छापायला लावला होता. चाचणीत खोट्या गोळीच्या तुलनेत असा त्रास लक्षणीय वाढलेला दिसला नाही, म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये तो चौकटीतला इशारा काढण्यात आला. तरीही ज्यांना पूर्वी मानसिक आजार होता, त्यांच्यात असा त्रास सर्वच गटांत अधिक आढळला होता. म्हणून उदासी, अस्वस्थता किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार जाणवले तर गोळी थांबवून ताबडतोब डॉक्टरांना गाठायचे, हा नियम आजही कायम आहे. घरच्या एका माणसाला किंवा खोलीतील मित्राला हे आधी सांगून ठेवावे. कारण आपल्यातला बदल आपल्याआधी दुसऱ्याला दिसतो.

आता चिठ्ठीचा मुद्दा. चिठ्ठी म्हणजे दुकानदाराला दाखवायचा कागद एवढाच अर्थ आपण घेतो. खरे तर ती लिहिण्याआधी डॉक्टर जे प्रश्न विचारतात, त्यांत तिचे मोल आहे. बुप्रोपिऑनमुळे क्वचित फिट येऊ शकते; म्हणून फेफऱ्याचा आजार असणाऱ्याने, मुद्दाम उपाशी राहण्याचा किंवा खाऊन ओकण्याचा विकार असणाऱ्याने आणि भरपूर दारू पिऊन ती एकाएकी सोडणाऱ्याने ती घ्यायची नसते. वसतिगृहात ज्या पट्टीची देवाणघेवाण झाल्याचे माझ्या कानी आले, ती ह्याच औषधाची होती आणि ती घेणाऱ्या मुलाला लहानपणी फिट येत असत. सुदैवाने तो दोन गोळ्यांवर थांबला. हेच औषध नैराश्यासाठी वेगळ्या नावानेही मिळते. दोन्ही नावांच्या गोळ्या एकदम घेतल्या तर मात्रा दुप्पट होते आणि धोकाही वाढतो. ही गोळी मोडून किंवा चावून घ्यायची नसते, आणि एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नसतात.

व्हॅरेनिक्लिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते; मूत्रपिंडाचा विकार गंभीर असेल तर मात्रा कमी करावी लागते. ती घेत असताना दारू नेहमीपेक्षा अधिक चढू शकते. गरोदर स्त्रियांनी आणि अठरा वर्षांखालील मुलांनी ह्या गोळ्या आपल्या मनाने घेण्याचा तर प्रश्नच येत नाही.

एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. सिगारेटच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत काही औषधे अधिक वेगाने निकालात काढते. सिगारेट सुटली की हा वेग मंदावतो आणि तीच मात्रा शरीराला जास्त होऊ लागते. दम्यावरचे थिओफायलिन आणि गंभीर मानसिक आजारावरचे क्लोझापिन ही त्याची ठळक उदाहरणे. म्हणून आपण दुसरी कोणती औषधे घेतो, हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. कॉफीचेही तसेच आहे. सिगारेट सोडल्यावर छातीत धडधडते, झोप येत नाही, तेव्हा दोष कधी कधी कॉफीच्या नेहमीच्याच कपांचा असतो.

घेण्याची रीतही ठरलेली आहे. व्हॅरेनिक्लिन सामान्यतः पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस अर्धा मिलिग्रॅम दोनदा आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, असे एकूण बारा आठवडे देतात. हे आकडे स्वतःच डॉक्टर बनण्यासाठी नव्हेत, तर उपचार हा दोन दिवसांचा खेळ नाही हे कळावे म्हणून दिले. सिगारेट बंद करण्याचा दिवस बहुधा दुसऱ्या आठवड्यात ठरवतात. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. माझे वडील पहाटे कामावर निघताना ती रिकाम्या पोटी घेत; मळमळ सुरू झाली आणि पाचव्या दिवशी त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. डॉक्टरांनी आधी भाकरी खा म्हणून सांगितले आणि त्रास आटोक्यात आला. विचित्र स्वप्ने पडत, तीही पुढे कमी झाली. घेरी किंवा झापड येते का हे कळेपर्यंत गाडी चालवू नका, असे बजावल्यामुळे पहिले काही दिवस त्यांनी रजा काढली होती. मध्ये एकदा त्यांनी सिगारेट ओढलीही. पण गोळी न सोडता पुढे चालू राहिले. आज त्याला दीड वर्ष झाले.

निकोटीनचे च्युइंगमदेखील मिठाईसारखे चघळायचे नसते. सावकाश चावून जिभेला झिणझिण्या आल्या की ते गालात धरायचे. त्या थांबल्या की पुन्हा चावायचे. त्याच्या पंधरा मिनिटे आधीपासून चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत नको, नाहीतर निकोटीन नीट शोषले जात नाही. लहान मुलांच्या हाती तर ते लागताच कामा नये.

"हे म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे लावून घेणे," असा आक्षेप काही प्राध्यापकही घेतात. बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ह्यांत निकोटीन नाही, आणि च्युइंगममध्ये असले तरी डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. कर्करोग होतो तो मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुरातील द्रव्यांमुळे. "कित्येकांनी गोळीशिवाय सोडली," हेही खरे आहे आणि त्यांचे मला कौतुकच वाटते. पण पोहून नदी पार करणारे आहेत म्हणून पूल बांधू नये, असे कुणी म्हणत नाही.

शेवटी आपल्या कॉलेजकडे येते. 'धूम्रपान निषिद्ध' ही पाटी आपल्याकडे आहे. शाळा-कॉलेजांपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, असे २००३ चा कायदा सांगतो. पण आधीच अडकलेल्या मुलाला ती पाटी फक्त नको म्हणते. कोठे जायचे ते सांगत नाही. त्या पाटीखालीच १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक लिहावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांना बोलवावे आणि दार लावून, नावे न विचारता, मुलांशी बोलू द्यावे. प्राध्यापकांनी पकडलेल्या विद्यार्थ्याला दंडाबरोबर दवाखान्याचा पत्ताही द्यावा. आणि विद्यार्थीमित्रांनो, मित्राला मदतच करायची असेल तर आपल्या खिशातली पट्टी त्याच्या हातावर ठेवू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि तो आत जाऊन येईपर्यंत बाहेर बाकावर बसा.